पंपाचं कपाळ

दारव्ह्यात कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती जफरभाईंच्या दुकानात आणून टाकत. चार दिवसांनी मोटार परत मिळे आणि पुढची पाच-सहा वर्षं तिचं नाव घ्यायची वेळ येत नसे. "जफरभाईच्या हाताले यश हाय," असं लोक म्हणत. जफरभाई हे शांतपणे ऐकून घेत आणि सुपारी कातरत बसत. तो हात त्यांचा नव्हता, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दुकानाच्या मागच्या भिंतीला फुलाफुलांचा पडदा होता. पडद्यामागे एक खोली, खोलीत खिडकीपाशी पाट, आणि पाटावर त्यांची बायको हमीदा. तांब्याच्या तारेचं रीळ डाव्या पायाच्या अंगठ्याशी धरून ती मोटारीची वायंडिंग भरायची. हे काम तिला तिच्या वडिलांनी, नौशाद मिस्त्रींनी शिकवलं होतं. सातवीनंतर शाळा सुटली आणि तार हातात आली. मिस्त्रींनी पोरीला दोनच गोष्टी बजावल्या होत्या: वेढे मोजताना कुणाशी बोलायचं नाही, आणि 'अंदाजे' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. हमीदानं दोन्ही गोष्टी इतक्या मनावर घेतल्या की तिची मोजणी चालू असताना घराला आग लागली असती तरी आधी वेढे पूर्ण झाले असते. जफरभाई लग्नानंतर सहा महिन्यांत हे शिकले, आणि शहाणे झाले.

पडद्याआड जाणारं गिऱ्हाईक एकच होतं, सोनीबाई. नेरच्या रस्त्यानं जीपनं पाऊण तास गेलं की प्रेमसिंग नायकाचा तांडा लागतो, तिथली ती. फार वर्षांपूर्वी विहिरीची मोटार न्यायला आली असताना तिनं जफरभाईंचे हात नीट निरखले होते. "या हाताले तारेचा एक वरखडा नाई. हे काम याचं नाई," असं म्हणून तिनं सरळ पडदा उचलला होता. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. सोनीबाईच्या दंडावरच्या चुड्या वाजल्या की हमीदा ओळखायची, आणि वेढे मोजत असली तर नुसतं बोट वर करायची. सोनीबाई ते बोट खाली येईपर्यंत मुकाट्यानं बसायची.

हमीदाला बॅटरीच्या नादाला लावलं ते सोनीबाईनंच. तिचा मुलगा बादल दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारणी करायचा. दांडा हलवायचे जुने पंप मागे पडून बॅटरीचे पंप आले होते. पाठीवर सोळा लिटर पाणी, आणि त्याच्या बुडाशी शिशाची बॅटरी, वरवंट्याएवढी जड. तीसुद्धा दोन हंगामांत मान टाकायची.

"हमीदाबाई, पोराच्या पाठीवर आधीच पान्याचं वझं. त्यात हा गोटा कायले? काही हलकं नाई होत का वो?" सोनीबाईनं एका बाजाराच्या दिवशी विचारलं.

हमीदानं रीळ बाजूला ठेवलं. तिची नजर कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेली. भंगारातून आलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या त्यात वर्षभर पडून होत्या. एक बॅटरी फोडली की आत बोटाएवढ्या सहा कांड्या निघत. दोन मेलेल्या असत, चार जिवंत. त्या कांड्यांना सेल म्हणतात. असे बारा सेल निवडून चार-चारच्या तीन रांगा केल्या आणि रांगा एकापुढं एक जोडल्या, की पंपाला लागतो तेवढा जोर मिळतो, आणि वजन दोन किलोनं उतरतं. हे तिला मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून कळलं. पण व्हिडिओवाल्याचे सेल नवेकोरे आणि एका अंगाचे होते. हमीदाचे सेल म्हणजे बारा घरचे बारा पाहुणे.

पहिली बॅटरी तिनं जुन्या पंख्याला लावून पाहिली. दुसऱ्या दिवशी मधली रांग हाताला गरम लागली. मीटर लावला तेव्हा कळलं, की दोन रांगांत भरपूर जीव आहे, मधली कधीच रिकामी झाली आहे, आणि बाकीच्या दोघी तिला तशीच फरफटत नेत आहेत. रिकाम्या सेलला असं ओढलं की तो आतून बिघडतो, आणि बिघडलेल्याला पुन्हा भरायला गेलं की पेटतो.

सोनीबाईला तिनं हे समजावून सांगितलं, तेव्हा सोनीबाई म्हणाली, "म्हनजे निंदनातल्या बायांसारखंच न वो. एक दमली त समद्यायनं थांबाव लागते. तिले वढत नेलं त ती वावरातच पडन."

"हाव. पन निंदनात बाई सांगते तरी. हे मुके हायेत."

म्हणून प्रत्येक रांगेवर लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं होतं. बाजारात तसे तयार सर्किटचे पत्रे मिळतात, त्यांना बीएमएस म्हणतात. जफरभाईंनी नागपूरहून एक आणूनही दिला. तो एकसारख्या सेलसाठी बनवलेला होता. हमीदाच्या पाहुण्यांचं त्याच्याशी जमेना. कधी तो फार लवकर बंद पडायचा, कधी मधली रांग मरेपर्यंत गप्प बसायचा. "अंदाजे चालते हा," हमीदा म्हणाली. तिच्या तोंडी याहून मोठी शिवी नव्हती. तिनं तो पत्रा खुंटीला टांगला आणि स्वतःचा बनवायला घेतला.

शेतात रात्री डुकरं हाकायला जो माणूस बसतो त्याला जागल्या म्हणतात. हमीदानं आपल्या पत्र्याला तेच नाव दिलं. मेलेले चार्जर आणि कॉम्प्युटरचे डबे फोडून तिनं तीन पायांचा एक बारकासा पार्ट जमा केला. त्याला विजेच्या जोराचा एक आकडा बांधून दिला की तो त्या आकड्याला इमानानं चिकटून राहतो. प्रत्येक रांगेला असा एकेक नेमला. 'माझ्या रांगेत जीव आहे' असं तिघांनी म्हटलं तरच विजेचं बाहेरचं दार उघडं राहायचं. एकानं जरी नाही म्हटलं तरी दार बंद, पंप बंद. भरतानाही तसंच: जी रांग आधी भरेल तिची जास्तीची वीज बाजूला सोडायची, मागचीला गाठू द्यायचं. सांगायला सोपं आहे. करायला तिला सात महिने लागले. उन्हाळ्यात आकडा सरकायचा, म्हणून ती पत्रा चुलीजवळ ठेवून मोजायची. हिवाळ्यात माठाखाली ठेवून मोजायची. घरात वरणाला फोडणी राहिली तरी चालेल, पण माठ हलवायचा नाही, असा हुकूम होता. जफरभाई त्या दिवसांत कोरडी भाजी खाऊन मीटरकडे पाहत बसत, आणि मनातून त्यांना बायकोचा फार अभिमान वाटे. तो मात्र त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, हा त्या पिढीचाच दोष.

दोन हजार सतराच्या आषाढात पहिली बॅटरी बादलच्या पंपात बसली. आणखी दोघांनी नेल्या. बादलनं पंप पाठीवर घेतला, दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "मावशी, पाठीवर काही हाय असं वाटूनच नाई राह्यलं!"

ते साल जिल्ह्याला जड गेलं. पराटी, म्हणजे कपाशी, पुरुषभर वाढली आणि बोंडं आतून किडली. लोक फवारायचे, अळी मरायची नाही, लोक पुन्हा फवारायचे. फवारणारी माणसं चक्कर येऊन यवतमाळच्या दवाखान्यात भरती होऊ लागली. काही परतली नाहीत. सोनीबाई बादलच्या तोंडाला स्वतः दुहेरी फडकं बांधायची, वाऱ्याची दिशा पाहायची, आणि संध्याकाळी तो अंगणात दिसेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. एकच मुलगा होता तिचा. हमीदाचाही जीव त्या पंपात अडकला होता. मोटार जळाली तर विहिरीत जळते. ही वस्तू माणसाच्या पाठीला बांधलेली असते, हे ती पाटावर बसल्याबसल्या कितीदा तरी मनात घोळवायची.

भाद्रपदात एका दुपारी चुड्या वाजल्या. हमीदाचं बोट वर गेलं, पण सोनीबाई थांबली नाही. तिनं पोतं जमिनीवर आपटलं. आत बादलचा पंप होता, बुडाशी वितळून काळा झालेला.

"माह्या पोराची पाठ भाजली वो," सोनीबाई म्हणाली. "वावरात धूर निघाला. फेकून देल्ला म्हनून वाचला. आपोआप पेटली, म्हनते." ती बसली नाही. पाणीही प्यायली नाही. पडदा तिच्यामागं बराच वेळ हलत राहिला.

हमीदा मोजणी विसरली. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदा घडलं.

बातमीला जीप लागत नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्या दोन बॅटऱ्या परत आल्या. आणणाऱ्यांनी त्या लांब धरल्या होत्या, मेलेला साप धरतात तशा. चौकात कुणीतरी म्हणालं, की मोटारीचं काम बरं होतं, नसती उठाठेव कशाला? जफरभाईंच्या हातालाही आता यश राहिलं नाही, असंही कुणी म्हणालं. हमीदानं दोन दिवस तारेला हात लावला नाही. आपण एका आईच्या एकुलत्या एक मुलाच्या पाठीला आग बांधली, हे तिच्या मनातून जाईना.

तिसऱ्या दिवशी तिनं पोतं उघडलं. वितळलेलं प्लास्टिक पकडीनं तोडत, राख फुंकत ती जागल्यापर्यंत पोचली. त्याच्या विजेच्या दाराच्या दोन्ही टोकांना काहीतरी चिकटलं होतं. तिनं ते खरवडून उजेडात धरलं. ती लोखंडी तार होती, कुंपणाला बांधायची, जाडीभरडी. असली तार हमीदाच्या घरात औषधालाही नव्हती.

जफरभाईंना तिनं दाखवली तसे ते उठून उभे राहिले. "जागल्याले बाजूला सारून डायरेक्ट केली त्यानं! चल, चौकात दाखवू सगळ्याइले. चोराच्या उलट्या बोंबा!"

"बसा," हमीदा म्हणाली. "त्यानं काय केलं ते दिसते. काहून केलं ते मले माहीत नाई. तेवढं समजू द्या, मंग चौकात जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जीपनं तांड्यावर गेली. पिशवीत परत आलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक होती. बादल ओसरीत बाजेवर पालथा पडला होता. कंबरेच्या वर तळहाताएवढी कातडी सोलली होती. हमीदाला ते पाहवेना. सोनीबाईनं तिला या म्हटलं, पण नजर न देता, आणि चहा ठेवायला आत गेली. हमीदानं बादलच्या तोंडासमोर बाजेवर तार ठेवली.

बादलनं आधी तारेकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे. "मावशी, आईले नोका सांगू."

"नाई सांगत. काहून केलं ते सांग."

"टाकी अर्धी होती," तो हळूच म्हणाला. "औषध मिसळून झालतं. पराटीच्या तासाच्या मधात आलो अन् बंद पडली. बटन दाबलं, ठोकलं, काहीच नाई. मले वाटलं बिघडली. बिघडलेली वस्तू डायरेक्टच करतात न. मोटार म्हना का पंखा म्हना, समदे तेच करतात."

"मंग घरी आल्यावर काढाव न ती तार!"

"चालू झालती न, मावशी. चालत्या वस्तूले कोन हात लावते?"

पाच दिवस त्यानं तसंच फवारलं होतं. रोज मधली रांग मरत होती आणि रोज तिला पुन्हा भरलं जात होतं. हमीदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात महिने, तो माठ, ती चूल, आणि या गाढवानं वीतभर तारेनं सगळं पुसून टाकलं! तिचा हात खरंच उचलला होता. पण समोर ती सोललेली पाठ होती. हात तसाच खाली आला.

"मले वावरात ने वो," ती आतून आलेल्या सोनीबाईला म्हणाली. "पंप पाठीवर घेऊन पाहाचा हाय मले."

शेजारच्या पूनमसिंगकडे नवाकोरा पंप होता, अजून औषध न पाहिलेला. त्यात विहिरीचं पाणी भरलं, हमीदानं आपली बॅटरी बसवली, ओढणी कमरेला खोचली आणि पट्टे खांद्यावर घेतले. पस्तीस वर्षं तिनं यंत्रांच्या आतल्या वस्तू हाताळल्या होत्या, पण पंप पाठीवर घेतला तो आज. काळ्या मातीत पाय रुतायचे, पराटीची पानं तोंडावर यायची. एक टाकी, दुसरी, पाचवी. बॅटरी बऱ्यापैकी उतरलेलीच आणली होती. सातव्या टाकीला, तासाच्या, म्हणजे पराटीच्या दोन ओळींमधल्या वाटेच्या, ऐन मध्यावर फवारा आटला. धुरा, म्हणजे वावराचा बांध, समोरही लांब आणि मागंही लांब. टाकीत अर्धं पाणी डचमळत होतं. जागल्यानं आपलं काम चोख केलं होतं.

हमीदाला हे सगळं कळत होतं. हे तिनंच तर बनवलं होतं. तरी तिनं बटण दोनदा दाबलं. मग हात मागं नेऊन पंपाला एक जोरदार चापट मारली.

धुऱ्यावर बसलेली सोनीबाई इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. "बादल बी असाच मारते वो त्याले!"

हमीदा तासात तशीच उभी राहिली. पाठ भरून आली होती. तिच्या लक्षात आलं, की जागल्या पहारा देतो, पण हाळी देत नाही. न सांगता थांबलेलं यंत्र माणसाला बिघडलेलंच वाटणार. आणि औषध मिसळून झाल्यावर सांगितलं तरी काय उपयोग? काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तिचं झालं होतं. आकडे मोजायला तिनं चूल धुंडाळली, माठ धुंडाळला, पण ज्याच्या पाठीवर हे जायचं त्याचं वावर तेवढं पाहिलं नव्हतं.

ओसरीत परत आल्यावर तिनं सोनीबाईला सांगितलं, "चूक माही बी होती वो. म्या त्याले मुकं ठेवलं."

सोनीबाई काही बोलायच्या आत बाजेवरून आवाज आला. "आई, तार म्या लावलती. आपोआप नाई पेटली."

सोनीबाईनं एकदा मुलाकडे पाहिलं. मग ती आत गेली, गार झालेला चहा पुन्हा तापवला, आणि पहिली कपबशी हमीदाच्या हातात दिली.  ही बातमीही पुढं दारव्ह्यात पोचली. पहिली धावत गेली होती, ही चालत गेली, एवढाच फरक.

त्या हिवाळ्यात हमीदानं जागल्याला वाचा दिली. एका बंद पडलेल्या इन्व्हर्टरमधला भोंगा काढला. प्रश्न भोंग्याचा नव्हता, तो कधी वाजवायचा याचा होता. उन्हाळाभर ती अंगणात पंप चालवून टाक्या मोजत बसली. शेवटी असं ठरलं, की कोणत्याही रांगेत दोन टाक्यांपुरताच जीव उरला की जागल्या हाळी देणार: हातातली टाकी संपव, एक आणखी मार, पण त्यापुढं औषध मिसळू नको. त्यानंतरच दार बंद. भरलेली टाकी घेऊन माणूस तासात अडकणार नाही, असा हिशेब तिनं बसवला.

नव्या पंपासाठी नवी बॅटरी बादलला देताना तिनं आणखी एक गोष्ट केली. बॅटरीच्या डबीच्या झाकणावर, स्क्रूच्या दोन डोक्यांना धरून, केसाएवढी बारीक वायंडिंगची तार ओढली आणि टोकं वार्निशनं चिकटवली.

"डबी उघडशीन त हे तुटन," ती म्हणाली. "मंग मले कोनी सांगाची गरज नाई. तुटलेली तार दिसली त पुन्यांदा माह्या हातची बॅटरी तुह्या पाठीवर जाणार नाई. तुह्या आईले म्या काय तोंड दाखवू?"

"सेवालाल महाराजाची आन, मावशी. वाजलं की आवरीन, बंद पडली की थांबन."

हमीदानं मान डोलावली. दुधानं तोंड पोळलेलं होतं, ती ताकही फुंकून पीत होती. त्या हंगामात जफरभाई रोज सकाळी पेपरात कुणी भाजल्याची बातमी नाही ना, हे आधी स्वतः पाहत, आणि पेपर मगच पडद्याआड देत.

पोळा झाला. पाच-सहा दिवसांनी, भर दुपारी, दुकानात पंप ठेवल्याचा आवाज आला. पाठोपाठ चुड्या वाजल्या. बादल आणि सोनीबाई दोघंही आले होते.

"सकाळपासून वाजूनच राह्यली, मावशी," बादल म्हणाला. "रातभर चार्ज करून आनली होती. पहिल्याच टाकीले वाजाले लागली. मंग बंदच पडली."

"अन् टाकीतलं औषध?"

"अर्धं होतं. पूनमसिंगच्या पंपात वतलं अन् आलो निघून."

हमीदानं पंप आडवा केला. पट्ट्यांना तुपाचा वास येत होता आणि ते पिवळे पडले होते. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं डबी बाहेर काढली आणि अंगठा झाकणावरून फिरवला.

तार तुटलेली होती.

तिनं मान वर केली नाही.  शपथ घेतली होती त्यानं, आणि तिनं विश्वास टाकला होता. आता आत दुसरी लोखंडी तार निघणार, आणि या मुलाला सांगावं लागणार, की जा, तू तुझा शिशाचा गोटाच घेऊन फिर. सोनीबाईसमोर सांगावं लागणार. तिनं पेचकस घेतला. एकेक स्क्रू काढून वाटीत टाकला. जफरभाई पडदा धरून उभे होते.

झाकण निघालं. लोखंडी तार नव्हती. दाराच्या दोन्ही टोकांना तिचं झाळकाम जसंच्या तसं चकाकत होतं. पण पत्र्याच्या बरोबर मध्यावर हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा होता, आणि त्यात तांदळाचे दोन दाणे चिकटले होते.

"हे काय हाय?" हमीदानं विचारलं.

बादलनं आईकडे पाहिलं. सोनीबाईनं पदर सावरला.

"पोळा होता न वो," ती म्हणाली. "बैल नाई आमच्याइथं. यंदा वढलं त या पंपानंच वढलं. म्हनून आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यासारखे याचे पट्टे शेकले, पळसाच्या पानानं तूप-हळद लावली. आता पोळ्याले टिळा लावाचा, त कपाळ पाह्यजे. टाकीले कपाळ असते का? म्या बादलले इचारलं, बापू, याचं डोकं कोठी हाय? थो म्हने, डोकं त डबीत हाय, मावशीनं बनवलेलं. थो उघडू नोको म्हनत होता. म्याच म्हनलं, देवाच्या कामाले काय होते!"

"तार तुटली तवाच सांगाले येनार होतो, मावशी," बादल म्हणाला. "भेव वाटलं."

हमीदानं पत्रा उजेडात धरला. पावसाळी हवेत पुन्हा ओलावलेलं कुंकू मधल्या रांगेवर नेमलेल्या पार्टवर पसरलं होतं. ओलीतून वीज झिरपत होती, आणि बिचाऱ्याला वाटत होतं की आपली रांग रिकामी झाली. रांग तर काठोकाठ भरलेली होती. त्यानं खोटीच हाळी दिली होती.

"बॅटरी भरलेलीच होती, बादल," ती म्हणाली. "उगाच वाजत होती. अर्धी टाकी पाठीवर असताना तू तार लावून का नाई चालवली?"

बादलला प्रश्नच समजला नाही. "बंद पडली म्हनजे थांबाचं. तुमीच त सांगतलं."

हमीदाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. जफरभाई उगाचच पडद्याची कडी नीट करू लागले.

मग ती कामाला लागली. बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून टिळा धुतला, तांदळाचे दाणे चिमट्यानं उचलून सोनीबाईच्या तळहातावर ठेवले. पत्रा उन्हात वाळवला, मोटारीला लावतात ते वार्निश त्यावर दोनदा फिरवलं. पुढं कुणी काहीही सांडलं तरी आत ओल जायला नको. तिन्ही रांगा मीटरवर मोजल्या. झाकण लावलं, आणि केसाएवढी नवी तार ओढली.

डबी पंपात बसवायच्या आधी ती थांबली. मोटारीच्या तारांची टोकं ओळखायला ती लाल रंगाची एक बाटली जवळ ठेवायची. तिनं काडी त्यात बुडवली आणि झाकणाच्या वरच्या अंगाला, बरोबर मधोमध, रुपयाएवढा गोल काढला.

"हे पाहा, सोनीबाई," ती म्हणाली. "याचं कपाळ हे. पुढच्या पोळ्याले अथी लावाचं, बाहेरून."

सोनीबाईनं गोलावर बोट फिरवून पाहिलं. रंग अजून ओला होता, तो तिच्या बोटाला लागला. बादलनं पंप उचलून पाठीवर घेतला, पट्टे ओढले, आणि दुपारची जीप मिळते का ते पाहायला दोघं लगबगीनं निघाले.